बुटाची चाल

मास्तरांचा मला राग आहे. ते जाऊन इतकी वर्षं झाली, मीही आता काठी टेकत चालतो, पण भोरच्या पुलावरून जाताना नदीकाठची ती गल्ली दिसली की माझं डोकं फिरतं. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले बोलावेत, असं लोक मला सांगतात. त्यांनी खुशाल बोलावं. त्यांना मास्तरांनी गिटार शिकवलेली नाही.

आमच्या गावात तेव्हा गिटार म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. लोक तिला ‘म्हाताऱ्याचं खोकं’ म्हणायचे. मास्तर तिला ‘बाजा’ म्हणायचे, आणि दुसऱ्या कुणी खोकं म्हटलेलं कानावर आलं तर त्या माणसाच्या बापजाद्यांचा उद्धार व्हायचा. ते मूळचे वेल्ह्याकडचे, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतले. भाटघरच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हा तिथल्या एका इंजिनीअर साहेबाच्या बंगल्यावर ते कामाला होते. काय काम, ते कधी सांगायचे नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “सायबाबरूबर बसाया-उटायला व्हतो.” धरण झालं, साहेब गेला, आणि मास्तर एक गिटार आणि एक सोला टोपी घेऊन भोरात येऊन राहिले.

ती टोपी त्यांच्या डोक्यावरून कधी उतरली नाही. खाली धोतर, अंगात बंडी आणि वर साहेबाची टोपी. चूल फुंकतानाही टोपी. टोपीचा वरचा भाग फाटून आतलं भेंड दिसत होतं, तरी मास्तर आरशाशिवाय ती दोन्ही हातांनी सारखी करायचे. चहा बशीत ओतून पिणाऱ्या माणसाला ते रानटी समजायचे. त्यांच्याकडे कान तुटलेला एकच कप होता. त्यांचा चहा पिऊन झाल्यावर तो विसळून मला मिळायचा, तोवर माझा चहा पातेल्यात गार व्हायचा. त्याबद्दल बोललो तर म्हणायचे, “सायेब गारच पितो.” साहेब गार चहा पीत असेल यावर माझा विश्वास नाही. पण साहेब काय करतो हे मास्तरांशिवाय सांगणार कोण?

मी छापखान्यात खिळे जुळवायचो. लग्नाच्या पत्रिका, उत्सवाची पत्रकं, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या. दिवसभर उलटी अक्षरं वाचायची, संध्याकाळी शिशानं काळे झालेले हात घेऊन घरी जायचं. आमचे तात्या भोंगवलीची शेती भावाकडे सोपवून भोरात दुकानावर नोकरीला राहिले होते आणि मुलगा छापखान्यात लागला म्हणून कृतार्थ झाले होते. मी मात्र त्या छापखान्यात गुदमरत होतो. मालक ऊठसूट आईबापांवरून शिव्या द्यायचा, आणि त्याच्या शेजारी बसून खोकणारा म्हातारा जुळारी पाहिला की मला माझंच पुढचं आयुष्य दिसायचं.

एकदा घरी जाताना पिंजाऱ्याच्या दुकानाशी थबकलो. कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज त्या गल्लीत रोजचाच होता, पण त्या दिवशी त्या आवाजाला चाल होती. मी आवाजाच्या मागे गेलो. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत टोपीवाला एक म्हातारा मांडीवर लाकडी पोट घेऊन बसला होता. मी दारात उभा राहिलो, आणि समोरून बसायचा पाट भिरभिरत आला तो माझ्या नडगीवर.

“समूरनं हो! समूर हुबा ऱ्हायलास तर टकुरं फोडीन!”

ही आमची पहिली भेट. मी लंगडत बाजूला झालो. बाजूला झालो म्हणून त्यांनी मला राहू दिलं आणि पुन्हा वाजवायला लागले. नडगी ठणकत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पाणी नडगीचं होतं की त्या सुरांचं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

समोर कुणी बसायचं नाही, हा मास्तरांचा कायदा होता. शिकणाऱ्यानं शेजारी बसायचं, त्यांचं तोंड असेल तिकडंच तोंड करून, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं. “समूर बसनारा चोरतो,” असं ते म्हणायचे. “बाजूला बसनारा शिकतो.” वेल्ह्याच्या बाजाराला ते अधूनमधून जायचे. गिटार घोंगडीत गुंडाळून पाठीवर, आणि वाटेत ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. एकदा मी बरोबर होतो. लोकांनी आग्रह केला तेव्हा मास्तर कचेरीच्या भिंतीकडे तोंड करून बसले आणि सगळ्या बाजारानं त्यांची पाठ ऐकली. एक हौशी शिपाई भिंतीजवळ जाऊन पुढून डोकावायला लागला. मास्तरांनी शेजारच्या म्हातारीची करवंदांची पाटी उचलून त्याच्या अंगावर रिकामी केली. म्हातारीनं जो दंगा केला तो निस्तरायला मी, आणि मास्तर टोपी सारखी करत पुढं चालू लागलेले.

शिकवणं म्हणजे छळ होता. किती तरी दिवस मला त्यांनी तार छेडू दिली नाही. नुसती धरायची. मान उजवीकडे, पोट मांडीवर. उजव्या हाताच्या बोटांनी तारा दाबायच्या आणि डाव्या हातानं छेडायच्या. मी म्हटलं, “मास्तर, उजव्या हातानं छेडणं सोपं नाही का?” तर म्हणाले, “उजवा हात शाना. अवघड काम त्येनं करायचं. डावा येडा, त्येनं नुसतं खाजवायचं.” हे मला पटलं. उजव्या हाताची नखं कापलेली आणि डाव्याची वाढलेली, असे आम्ही दोघं गावात फिरायचो. जेवायच्या हाताची नखं कापलेली आहेत ना, मग काय हरकत आहे, असं तात्यांनीही मान्य केलं.

जाड तारांच्या जागी पिंजाऱ्याकडची, बकऱ्याच्या आतड्याची तात लावलेली होती. बारीक तारा पुण्याहून सतारीच्या यायच्या. तातीला दमट हवा लागली की ती सैल पडायची आणि मग मास्तर पिंजाऱ्याशी भांडायचे. पिंजारी मोठा शांत गृहस्थ होता. “मास्तर, बकरं काय म्या पोसलं न्हवतं,” एवढंच म्हणायचा आणि दुसरी तात काढून द्यायचा. माझी बोटं फुटली, त्या चिरांत छापखान्याचं शिसं गेलं, बोटं सुजली. मास्तरांनी बघितलं आणि म्हणाले, “आता जरा तुजी बोटं बोटांसारकी दिसाया लागली.” बोट चुकलं की पळीचा फटका बसायचा. पळी त्यासाठीच होती, तिनं कधी आमटी ढवळलेली मी पाहिली नाही.

सगळ्यांत जास्त संताप मला त्यांच्या पायाचा यायचा. वाजवताना ते उजवा पाय लांब करायचे आणि त्या पायाचा अंगठा पुढं-मागं, पुढं-मागं होत राहायचा. त्याला तालाशी काही देणंघेणं नव्हतं. चाल जलद असो की संथ, अंगठ्याची गती एकच. मलाही त्यांनी तसंच करायला लावलं.

“पण मास्तर, ताल चुकतो त्यानं.”

“चुकू दे. बाजा वाजतोय तवर पाय थांबाया न्हाई पायजे.”

“का पण?”

पळी. ‘का’ या प्रश्नाला त्यांच्याकडे तेवढंच उत्तर असायचं.

त्यांच्याजवळ मोजक्याच चाली होत्या आणि त्यांना त्यांनी आपली नावं दिली होती. ‘मेम रुसली’ ही एक. ‘दारू संपली’ ही दुसरी, तिच्यात मधेच सूर अडखळायचे आणि तेही जसेच्या तसे वाजवावे लागत. आणि एक होती ‘बुटाची’. ती मी आजवर ऐकलेल्या सगळ्या गाण्याबजावण्यात सुंदर आहे, हे रागातसुद्धा मी कबूल करीन. खालून हळू सुरू होते, वर जाता जाता थांबते, आणि आता संपली असं वाटतं तिथून पुन्हा उचलते. तिचं नाव असं का, हे विचारलं त्या दिवशी त्यांनी मला हाकलून दिलं आणि पुढचे कित्येक दिवस दारात उभं केलं नाही. पिंजाऱ्यानं मध्यस्थी केली तेव्हा कुठं मला परत घेतलं.

“हे सगळं शिकवलं कोणी तुम्हाला?” असं कुणी विचारलं की मास्तरांची छाती पुढं यायची. “सायबानं. हात धरून शिकिवलंय.”

आता चित्राची गोष्ट सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच मिटायला हवा होता. आमच्या छापखान्यात केसांच्या तेलाची एक जाहिरात आली. मजकूर आम्हीच जुळवायचा, चित्राचा ठोकळा तयार होऊन पुण्याहून आलेला. कागदावर पहिला ठसा उमटला आणि मी चकित झालो. एक बाई मोकळे केस सोडून बसलेली आणि तिच्या मांडीवर गिटार! आमच्या बाज्यासारखा दुसरा बाजा जगात आहे याचा तो मी पाहिलेला पहिला पुरावा. पण बाईनं गिटार आमच्या उलट धरली होती. मान डावीकडे, दाबायचा हात डावा.

मी कागद घेऊन धावत मास्तरांकडे गेलो. त्यांनी तो हातात घेऊन उजेडाकडे धरला. कधी नव्हे ती टोपी मागं सरकली होती, ती त्यांनी सारखी केली नाही.

“बिलाक उलटा क्येलाय,” ते शेवटी म्हणाले. “तुमचंच काम हाय न्हवं, उलट्याचं सुलट करायचं? ह्ये कुनाच्या ध्यानात न्हाई आलं जनू.”

आणि तो कागद त्यांनी चुलीत घातला.

मला पटलं. पटणारच. माझा धंदाच उलट्या अक्षरांचा. ठोकळा करणाऱ्याकडून फोटोची काच उलटी पडली की चित्र उलटं येतं, हे मी पूर्वी पाहिलेलं होतं. मी उलट मालकाला जाऊन सांगितलं की ठोकळा चुकलाय, आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या.

त्यानंतरच्या चैत्रात राजवाड्यातल्या उत्सवाला पुण्याहून गवई मंडळी आली. त्यांच्यातला पेटीवाला नदीवर आंघोळ करून परतत होता, तो मास्तरांच्या खिडकीखाली थांबला. आत मी ‘बुटाची’ वाजवत होतो. तो आत आला नाही, खिडकीही उंच होती. मी बाहेर येईपर्यंत ओला पंचा खांद्यावर टाकून तो तिथंच उभा होता.

“तुम्ही वाजवत होता?”

“हो.”

“अहो, मग इथं काय करता? आमच्या कंपनीत सिनेमाची गाणी बसवतायत. गिटार आहे, वाजवणारा निघून गेला. तुमचा हात ऐकला तर आमचे मुख्य वादक उड्या मारतील. या पुढच्या सोमवारी. मी शब्द टाकून ठेवतो.”

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी उठून मी छापखान्याच्या मालकाला त्याच्या तोंडावर सांगितलं की तुझी नोकरी आणि तुझ्या शिव्या दोन्ही तुझ्यापाशी ठेव. तात्यांनी डोक्याला हात लावला. मी म्हटलं, तात्या, पुण्यात खोली घेतली की तुम्हाला आणि आईला घेऊन जातो. घरात कुणी त्या दिवशी नीट जेवलं नाही, पण मी वाकडातिकडा नाचत होतो.

मास्तरांना सांगितलं तेव्हा ते तातीला तेल लावत होते. ऐकून त्यांचे हात थांबले.

“जाऊ नगंस,” ते म्हणाले.

“का?”

पळी शेजारीच होती. त्यांनी ती उचलली नाही.

“मग बाजा तरी द्या बरोबर. माझा हात ह्याच्यावर बसलाय.”

“बाजा ह्या खोलीभाईर कुनाच्या हातात जानार न्हाई. तुज्यासुदीक.”

“इतकी वर्षं शिकवलंत ते कशासाठी? भिंतीला ऐकवायला?”

“व्हय,” ते म्हणाले. “भितीला आयकवायला.”

मी तरातरा निघून आलो. कंपनीची गिटार होतीच. सोमवारी सर्व्हिस मोटारीत बसलो, कात्रजच्या घाटात ओकलो, आणि धुतलेल्या धोतरावर डाग पडू नये म्हणून पुढची सगळी वाट उभा राहून गेलो.

कंपनीच्या हॉलमध्ये दहाबारा वादक बसले होते. पेटीवाल्यानं माझं फार कौतुक करून ठेवलं होतं, सगळे माना वळवून बघत होते. त्यांच्या मुख्य वादकानं भिंतीवरची गिटार काढून माझ्या हातात दिली. काय तिची लकाकी! मी खुर्चीवर बसलो, नमस्कार केला, आणि तिची मान उजवीकडे करून मांडीवर घेतली.

जाड तारा खाली होत्या. बारीक वर. माझी बोटं जिथं जात होती तिथं भलताच सूर निघत होता. मला वाटलं तारा चुकीच्या लावल्यात, आणि तसं मी बोललो.

“तारा बरोबर आहेत,” मुख्य वादक म्हणाले. “तुम्ही उलटी धरलीय.”

कुणीतरी फिसकन हसलं. त्यांनी स्वतः उठून गिटार माझ्या मांडीवर फिरवून ठेवली. मान डावीकडे. केसांच्या तेलाच्या जाहिरातीतल्या बाईसारखी. माझा डावा हात तारांवर पडला आणि लाकडाच्या ओंडक्यासारखा तिथंच राहिला. इतक्या वर्षांत त्या बोटांना दाबायचं कधी कुणी शिकवलंच नव्हतं. मी तरी एक तार छेडली. जो आवाज निघाला त्यानं आता सगळा हॉल हसला.

“शिकलात कुणाकडे?”

“भोरला आमचे मास्तर आहेत,” मी म्हणालो. “त्यांना साहेबानं हात धरून शिकवलंय.”

यावर जे हसू झालं ते मी कधी विसरणार नाही. क्लॅरिनेटवाला डोळे पुसत होता. पेटीवाल्यानं मान खाली घातली ती मी बाहेर पडेपर्यंत वर केली नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मी खुर्चीसमोर पाय लांब केलेला होता आणि माझा अंगठा त्या सगळ्या गोंधळात पुढं-मागं होत होता.

परतीच्या मोटारीतून उतरलो तो घरी गेलोच नाही. दुपार होती. मास्तर खोलीत गिटार पुसत बसले होते. मी सरळ त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

“समूरनं हो.”

“होत नाही! काय फेकायचंय ते फेका!”

त्यांनी पाट उचलला. मी हललो नाही. पाट त्यांनी खाली ठेवला. शेजारी पिंजाऱ्याची धनुकली थांबली.

“उलटं शिकवलंत मला,” मी ओरडलो. “सगळं उलटं! जगात सगळे डाव्या हातानं दाबतात. मी तिथं जोकर झालो. छापखाना गेला, पुणं गेलं, आता तात्यांना काय तोंड दाखवू? साहेबानं हात धरून शिकवलं ना तुम्हाला? कुठला हात धरला होता त्यानं?”

मी रागानं मटकन खाली बसलो, त्यांच्या समोर, जिथं इतक्या वर्षांत मला कधी बसू दिलं नव्हतं. त्यांच्या मांडीवर गिटार होती. आणि मला दिसलं. समोरून बघताना गिटारची मान माझ्या डाव्या बाजूला येत होती. उलट्या खिळ्यांत आयुष्य घातलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. मास्तर कधी तरी असेच समोर बसले होते आणि जे दिसलं ते जसंच्या तसं उचललं होतं.

“तुम्ही साहेबाच्या समोर बसून शिकलात,” मी म्हणालो. “शेजारी नाही.”

“शेजारी?” मास्तर म्हणाले. “शेजारी कोन बसवून घेतंय रं मला? म्या पंखा वडायचो.”

त्यांनी लांब केलेला उजवा पाय माझ्यासमोरच होता. अंगठ्याच्या मुळाशी एक जुना, काळा वळ होता. तो मी रोज बघत आलो होतो.

“भाईर व्हरांड्यात बसायचं. दोरी ह्या अंगट्याला. दाराच्या समूर. सायेब आत बाजा वाजवायचा आन् म्या बगायचो. बगून बगून बोटं ध्यानात ठिवायची, घरी जाऊन काटीवर दाबायची. यकदा त्यानं ती चाल वाजीवली. पैल्यांदाच. म्या आसा आयकत बसलो का पाय थांबला. पंखा थांबला. सायबानं बूट फेकला त्यो हितं लागला.” त्यांनी टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदा बघत होतो. कपाळाच्या वर केस उगवत नव्हते अशी एक लांब खाच होती. “पर चाल माज्या टकुऱ्यात गेली ती गेली.”

“आणि गिटार?”

“जाताना भंगारात टाकली. मान तुटली व्हती. म्या डिंक लावून जोडली.”

मला दया आली असेल असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. मला राग आला. त्या साहेबाचा आला. एवढा मोठा बंगला आणि शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा त्याला सापडली नाही. पण तो कुठं असेल देव जाणे, आणि मास्तर माझ्यासमोर होते.

“मी ते चित्र आणलं तेव्हा तुम्हाला कळलं होतं,” मी म्हणालो. “उलटं आहे हे कळलं होतं की नाही?”

“व्हय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू उटून ग्येला आसतास.” त्यांचा आवाज एकदम चढला. “दुसरं कोन येत व्हतं माज्याकडं? सांग की! ह्या गावात कोन आलं? समदे खोकं म्हनत्यात! आन् म्या काय खोटं वाजीवलं? सूर खोटा हाय का? त्यो पेटीवाला खिडकीखाली हुबा ऱ्हायला त्यो काय माजं थोबाड बगून?”

हे ऐकून मी आणखी भडकलो. फार वाईट बोललो मी त्यांना. ते इथं लिहिणार नाही. दारात पिंजारी येऊन उभा होता. “आरं, म्हातारं मानूस हाय,” तो म्हणाला. मी त्यालाही गप्प बसवलं.

माझं बोलणं चालू असतानाच मास्तरांनी खुंट्या सैल करायला सुरुवात केली. एकेक तार काढली. जाड तात जिथं होती तिथं बारीक तार, बारीक जिथं होती तिथं तात. पिंजाऱ्यानं न सांगता आत येऊन एक टोक धरलं. गिटार उलटी झाली, म्हणजे जगाच्या हिशेबानं सुलटी झाली. सूर लावायला त्यांना फार वेळ लागला, कारण हात सवयीनं भलत्या खुंटीवर जात होते. मी तोवर बोलून बोलून थकलो होतो.

“धर,” ते म्हणाले, आणि आता त्यांना स्वतःला वाजवता येणार नाही असा झालेला बाजा त्यांनी माझ्या हातात दिला. “आता समूरच बस. म्या करतो तसं कर. आरशागत.”

“आणि तुम्ही कशावर वाजवणार?”

त्यांनी कोपऱ्यातला कुदळीचा दांडा उचलला आणि मांडीवर घेतला.

असे आमचे पुढचे दिवस गेले. मालकानं मला छापखान्यात परत घेतलं. मी रोज सगळ्यांसमोर पुण्याची गोष्ट सांगायची आणि त्यांनी हसायचं, ही त्याची अट होती असंच म्हणायला हवं. संध्याकाळी मी मास्तरांकडे जायचो. एक म्हातारा माणूस फाटकी टोपी घालून दांड्यावर बोटं दाबायचा, डाव्या हातानं हवेत छेडायचा, आणि मी समोर बसून त्याच्या हातांचं प्रतिबिंब व्हायचो. दांड्यातून आवाज येत नसे. तरी माझं चुकलं की त्यांना ते दांड्यात ऐकू यायचं आणि पळी बसायची. माझा येडा हात शहाणा व्हायला तयार नव्हता. पुण्याची जागा केव्हाच भरली होती. पुन्हा कुणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. ज्या वयात हात वळतो ते वय मी उलट्या बाजूला घालवून बसलो होतो. मी पहिल्यासारखा कधीच वाजवू शकलो नाही, हे खरं आहे, आणि त्याचाच मला राग आहे.

एवढ्या सगळ्यात एकच दिवस असा आला. पावसाळा सरला होता, तात चांगली ताणून बसली होती. मी ‘बुटाची’ सुरू केली. खालून हळू, वर जाता जाता थांबणारी. डावा हात त्या दिवशी अडला नाही. संपली असं वाटतं त्या जागेपर्यंत आलो, तिथून पुन्हा उचलली आणि शेवटपर्यंत नेली. मग मान वर केली.

मास्तरांच्या मांडीवरचा दांडा खाली घरंगळला होता. हात तसेच वर राहिले होते. आणि त्यांचा पाय थांबला होता.

मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पायाकडे पाहिलं आणि दचकून अंगठा जोरानं मागं ओढला, एक हात टोपीवर गेला.

“राहू द्या ना!” मी खेकसलो. “इथं कोण बूट फेकतंय तुम्हाला?”

त्यांनी पाय हळूच सरळ केला आणि तसाच ठेवला.

“पुन्यांदा वाजीव,” ते म्हणाले. “मगाशी निम्मी चुकलास.”